लाखलनने दाखवलेली बाग

आमच्या आर्डवेनिश गावात जुलैच्या पहिल्या शनिवारी बागा उघड्या ठेवतात. ज्यांना आपली बाग दाखवायची असते ते त्या दिवशी फाटकावर पाटी लावतात, बाकीचे गावभर हिंडून बागा बघतात आणि शेवटी सगळे गावच्या हॉलमध्ये चहाला येतात. खरं तर कोणाच्या बागेत काय आहे हे आम्हाला आधीच पाठ असतं, कारण वर्षभर आम्ही एकमेकांच्या कुंपणावरून बघतच असतो. तरी त्या दिवशी चांगले कपडे घालायचे, तिकीट काढायचं आणि पहिल्यांदाच बघतोय असं दाखवायचं. लांबलांबून पाहुणेही येतात. चहाचं आणि एकूण दिवसाचं सगळं माझ्याकडे असतं. कोणी दिलं आठवत नाही, पण परत घ्यायला कोणी आलेलं नाही.

गावातली सगळ्यात चांगली बाग डोलिना गिलिसची, आणि तीच कधी उघडली नव्हती. रस्ता जिथे संपतो तिथे, खाडीच्या वर, तिचं घर. हरणं आत येऊ नयेत म्हणून बागेभोवती हात वर केला तरी पोचणार नाही इतकं उंच जाळीचं कुंपण. आत गुलाब, पिओनी, लाल फुलांच्या घेवड्याच्या रांगा, स्ट्रॉबेरी. दर वसंतात मी तिला विचारायची आणि दर वसंतात तिचं काहीतरी निघायचं. कधी घेवडा उगवला नाही, कधी कंबर धरली. तीन-चार वर्षांपूर्वी मात्र तिने खरं कारण सांगितलं होतं.

तिचा नवरा लाखलन तेव्हापासून विसरायला लागला होता. आधी वार, मग माणसांची नावं. "तो दहादा विचारतो आज काय वार, ते मला चालतं," ती म्हणाली होती. "पण लोक त्याच्याकडे बघतात आणि मग एकमेकांकडे बघतात, ते नाही चालत." त्यानंतर मी विचारणं सोडून दिलं.

आणि यंदा एप्रिलमध्ये ती स्वतःच माझ्या दारात उभी. बूट न काढता उंबऱ्यावरूनच म्हणाली, "या वेळी माझं नाव लाव."

मी तिला आत ओढलं, चहा दिला. तिने कप हातातच धरून ठेवला. घरात तो हल्ली बाथरूमची वाट चुकतो, किटलीला 'तो बुवा' म्हणतो, असं तिने सांगितलं. पण बागेत पाऊल टाकलं की सगळं जागेवर येतं. कुठल्या वाफ्यात काय, कोणतं झाड कोणाकडून आणलं, कुठल्या साली कुठला गुलाब गारठ्याने गेला, एकही चूक नाही.

"बागेत तो शहाणा असतो, इना. लोकांनी त्याला एकदा तिथे बघावं. पुढच्या वर्षी तो तिथेही असेल की नाही, कोण सांगणार."

मग दोन महिने त्या घरात लगीनघाई. डोलिना पहाटेपासून गवत उपटायची. लाखलनला फाटक रंगवायचं काम दिलं होतं. त्याने ते हिरवंगार रंगवलं आणि दुसऱ्या दिवशी, रंग वाळायच्या आत, परत रंगवलं. तिने त्याला थांबवलं नाही. शेजारचा टॉर्क्विल मथिसन, ज्याची बाग दरवर्षी उघडी असते आणि जो स्वतःच्या कांद्यांविषयी पोटच्या पोरांविषयी बोलावं तसं बोलतो, तो येताजाता टोमणे मारायचा. लाखलन, तू थांबलास तर फाटकाची जाडी कमी होईल, असं म्हणायचा. लाखलन ब्रश रोखून म्हणायचा, "तुझ्या कांद्यांना पण एक हात मारू का? जरा बरे दिसतील."

शुक्रवारी संध्याकाळी मी त्यांच्या फाटकावर पाटी बांधायला गेले. चिलटं चावून जीव नकोसा करत होती, म्हणून फार थांबले नाही. पण आत डोकावले तेव्हा भिंतीवरचा पांढरा गुलाब इतका लगडला होता की पानं शोधावी लागत होती. डोलिना वाफ्याच्या कडेला उभी होती, हात कमरेवर, आणि तिच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेला एक गर्व होता. लाखलन घेवड्याला शेवटच्या काठ्या लावत होता. मी निघाले तेव्हा तो म्हणाला, "उद्या पाहुणे येणार आहेत, पोरी. तूही ये." गावातल्या सगळ्या बायका त्याच्या पोरी, मी साठीची झाले तरी.

सकाळी चहाबरोबर द्यायच्या स्कोनचं पीठ भिजवत होते तोवर फोन वाजला. डोलिनाचा आवाज अगदी सपाट होता. "माझं नाव काढ," एवढंच म्हणाली.

मी पिठाच्या हातांनीच गाडी काढली. फाटक उघडं होतं. रात्रीतून हरणं शिरली होती, एकदोन नाही, कळपच असणार, खुरांनी वाफ्यांचा चिखल केला होता. गुलाबाच्या नुसत्या काट्यांच्या काड्या उरल्या होत्या. पिओनी, घेवडा, लेट्यूस, स्ट्रॉबेरीची पानं, सगळ्याचा फडशा. स्ट्रॉबेरीवर घातलेली जाळी खाली ओढून तुडवलेली. जे हरणांना कडू लागतं तेवढं उरलं होतं, म्हणजे रूबार्ब, पुदिना, कांदे आणि एका कोपऱ्यात फॉक्सग्लोव्हचे दोन जांभळे तुरे.

डोलिना पायरीवर बसली होती. लाखलन वाफ्यांमधून फेऱ्या मारत होता, लालबुंद झालेला.

"कोणी ठेवलं फाटक उघडं?" तो म्हणाला.

मी डोलिनाकडे बघितलं. रात्री झोपण्याआधी बागेत एक फेरी मारायची सवय फक्त लाखलनची, हे मला ठाऊक होतं आणि तिला तर होतंच.

"मी," डोलिना म्हणाली.

"किती वर्षं सांगतोय तुला? आकडी लावायची, मग वर तार गुंडाळायची. आकडी आणि तार. एवढं लक्षात राहत नाही?"

"राहिलं नाही खरं."

"डोकं कुठे असतं तुझं?"

तो बराच वेळ बोलला, आणि ती खाली मान घालून, शाळेत उशिरा आलेल्या मुलीसारखी, हो म्हणत राहिली. मी म्हटलं मी कपडे वाळत घालायच्या दोरीवरची चादर तरी काढते, पाऊस येईल, आणि घराच्या मागे गेले. दोरीवर चादर नव्हती.

नाव काढायचं ठरलं. रस्त्याच्या तोंडाशी बागेकडे वळा अशी खूण आहे ती काढून टाकायची आणि लोकांना टॉर्क्विलकडूनच परत वळवायचं. पण लाखलनला हे कोण सांगणार? पाहुणे येणार हे त्याला महिनाभर रोज सांगितलेलं, आणि इतक्या गोष्टींमधली ही एकच त्याच्या डोक्यात पक्की बसलेली. दहा वाजता तो ट्वीडचा कोट घालून, टाय बांधून फाटकाशी उभा राहिला. डोलिनाने आत बोलावलं, आला नाही. पाऊस भुरभुरला, हलला नाही. मी खूण काढायला रस्त्याकडे निघाले तेव्हा पहिली गाडी माझ्याच समोरून आत वळली.

त्या दोघी बहिणी होत्या, कुठल्या तरी पूर्वेकडच्या गावच्या. मी काच खाली करायला लावून घाईघाईने सांगायला लागले, पण लाखलनने टोपी काढून गाडीचं दार उघडलंही होतं. "या, या. आधी गुलाब बघू, ऊन पडलं की त्याचा वास जातो," असं म्हणत तो त्यांना घेऊन गेला.

भिंतीपाशी उभा राहून तो काट्यांच्या काड्यांकडे हात करून सांगत होता की हा गुलाब डोलिनाने एका म्हातारीकडून कलम करून आणला, दोन वर्षं नुसती पानंच आली, तिसऱ्या वर्षी वादळात भिंत पडली पण गुलाब राहिला, मग भिंत त्याच्याभोवती बांधली. पांढरा आहे, म्हणाला, पण अगदी आत, मधोमध, पिवळा. वाकून बघा. त्या दोघी क्षणभर थबकल्या. मग मोठी बहीण खरंच वाकली. धाकटीही वाकली. एकमेकींकडे त्यांनी बघितलं नाही.

डोलिना दारातून हे बघत होती. ती आत गेली, तोंड धुवून, निळा स्वेटर घालून बाहेर आली आणि मला म्हणाली, "खूण राहू दे."

दुपारपर्यंत गावात गोष्ट पसरली. आमच्याकडे पसरायला दुपार लागत नाही खरं तर. हरणांनी डोलिनाची बाग खाल्ली हे कळल्यावर जे एरवी हॉलमध्येच चहा पीत बसले असते तेही रस्त्याच्या टोकापर्यंत चालत आले. लाखलन प्रत्येकाला फिरवत होता. घेवड्यापाशी घेवड्याविषयी, स्ट्रॉबेरीपाशी स्ट्रॉबेरीविषयी, आणि त्याला ते सगळं दिसत होतं की नव्हतं, हे मला आजही नक्की सांगता येणार नाही. एकदा त्याने हवेतच एक फळ तोडल्यासारखं केलं आणि एका लहान मुलीच्या तळहातावर ठेवलं. तिने मूठ मिटली.

टॉर्क्विलसुद्धा आला. सगळी फेरी मुकाट्याने केली, हे त्याच्या स्वभावाला सोडूनच. शेवटी कांद्यांपाशी थांबून म्हणाला, "हरणांनी हे तेवढे सोडले म्हणजे चव कशी असेल बघ."

"तुझे सोडायलासुद्धा ती आत आली नाहीत," लाखलन म्हणाला.

टॉर्क्विल इतका हसला की त्याला रुमाल काढावा लागला, आणि तो रुमाल त्याने बराच वेळ डोळ्यांवर धरला.

माणसं वाढली म्हणून मी हॉलमधली चहाची भांडी इकडेच आणली. डोलिना आणि मी ट्रे घेऊन वाफ्यांमधून फिरत होतो. तीनच्या सुमाराला पिवळा रेनकोट घातलेली एक उंच बाई लाखलनबरोबर बटाट्यांच्या जागी उभी होती. बघायला काही नव्हतंच, त्यामुळे ती माती बघत होती. खुरांनी खालची माती वर आली होती. तिने वाकून चिमूटभर उचलली, बोटांनी चोळली आणि तळहात लाखलनसमोर धरला. काळ्या मातीत पांढरे कण होते, तांदळाच्या कण्यांसारखे.

"ही शिंपल्यांची वाळू ना? इथल्या किनाऱ्यावर तर नुसते दगड आहेत. कुठून आणलीत?"

मी पुढे जायला लागले होते. ते उत्तर मला माहीत होतं, डोलिनानेच कधीतरी सांगितलेलं, की लग्नानंतर पहिली काही वर्षं लाखलन दक्षिणेकडच्या कुठल्या तरी किनाऱ्यावरून बोटीत वाळूची पोती घालून आणायचा. तेव्हा तो बेटांना कोळसा पोचवणाऱ्या बोटीवर होता. भरतीला बोट किनाऱ्याला लावायची, ओहोटीला ती वाळूवर बसली की कोळसा उतरवायचा, पुढच्या भरतीला निघायचं. अशाच एका उतरवणीत त्याला डोलिना भेटली होती, हेलिसे बेटावर. ती तिथल्या मर्डो मॅकॉलेची मुलगी. मर्डो प्रोटेस्टंट चर्चचा मोठा माणूस, रविवारी स्तोत्रं म्हणताना पहिला सूर तो लावायचा. लाखलन कॅथलिक. मर्डोने मुलीला सांगितलं की त्या माणसाबरोबर गेलीस तर हे दार तुला बंद. ती गेली. दार बंद झालं. तिने दोनदा निरोप पाठवला, उलट निरोप आला नाही. बाप वारला तेही तिला तिसऱ्याकडून, सगळं उरकल्यावर कळलं. हे ती कधी बोलत नसे. मला माहीत होतं कारण गावात सगळ्यांना माहीत होतं.

"इथे काही येत नव्हतं," लाखलन त्या बाईला म्हणाला. "आंबट माती. पहिल्या वर्षी हिने बटाटे लावले, ते गोट्यांएवढे आले. शेडच्या मागे जाऊन रडली. मी बघितलं हे तिला ठाऊक नाही."

"मग आंबटपणा मारायला ही वाळू?"

"ती हिच्याच घरची. तिच्या बाबाने दिली."

माझ्या शेजारून चालणारी डोलिना ट्रे धरून जागीच थांबली.

"मी कोळसा उतरवत होतो," तो म्हणाला. तो त्या बाईशी बोलत होता, पण नजर खाडीवर होती आणि आवाज तरुण झाला होता. "म्हातारा गाडी घेऊन आला. माझ्याशी एक शब्द नाही. कोळसा गाडीत भरला आणि गेला. मी दुसऱ्या खलाशाला म्हणत होतो, बायको रडते, बटाटे येत नाहीत. त्याने ऐकलं असणार. मग ओहोटी पुरी झाली तेव्हा परत आला, फावडं घेऊन. रिकामी पोती माझ्याकडून मागितली. आणि भरायला लागला. मी मदतीला गेलो तर म्हणाला, बाजूला हो. सगळी पोती त्याने एकट्याने भरली. दर वसंतात. शेवटच्या वर्षी त्याला खोकला होता, दर फावड्याला थांबायचा, पण हात लावू दिला नाही."

"आणि तुमच्या बायकोला?" त्या बाईने हळूच विचारलं.

"तिला सांगायचं नाही. तसा शब्द घेतला माझ्याकडून. म्हणाला, तिला कळलं तर ती येईल. आणि ती आली तर मला दार उघडावं लागेल, आणि मी सगळ्यांसमोर बोलून बसलोय." लाखलनने मान हलवली. "म्हणून मी सांगितलं नाही. वाईट वाटतं. पण शब्द दिलाय."

त्या बाईला हे सगळं कोण, कोणाचं, काही माहीत नव्हतं, तरी तिने मूठ मिटून ती माती धरून ठेवली. मी डोलिनाच्या हातातून ट्रे घेतला. तिने तो दिला, पण हात तसेच पुढे राहिले. मग ती चालत लाखलनपाशी गेली.

"लाखलन," ती म्हणाली. "तो माझ्याविषयी काही विचारायचा?"

लाखलन तिच्याकडे वळला. त्याच्या चेहऱ्यावर भीती उमटली, चोरी पकडल्यासारखी. "मी सांगितलं का? मी सांगायला नको होतं, पोरी."

"तू मला नाही सांगितलंस. तू या बाईंना सांगितलंस. तुझा शब्द काही मोडला नाही."

तो विचारात पडला. ते त्याला पटलेलं दिसलं.

"काय विचारायचा?"

"एकच. दर वेळी, शेवटचं पोतं चढवताना. घरात गाते का अजून, म्हणायचा."

"आणि तू काय सांगायचास?"

"गाते, म्हणायचो. बटाट्यांना गाऊन दाखवते, म्हणून तर येत नाहीत. तर हसायचा. तुझा बाप हसायचा, पोरी, तुला खरं नाही वाटणार."

डोलिना रडली नाही. तिने त्याच्या कोटाची कॉलर नीट केली, टायची गाठ वर सरकवली, आणि तिथेच त्याच्या छातीवर कपाळ टेकवून उभी राहिली. लाखलनने थोड्या वेळाने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तिच्या डोक्यावरून आम्हाला म्हणाला, "दमली आहे. सकाळी लवकर उठली होती." पिवळ्या रेनकोटातल्या बाईने मला ट्रे धरायला मदत केली आणि आम्ही दोघी तिथून निघालो.

संध्याकाळी हॉलमध्ये भांडी विसळताना मी डोलिनाला विचारलं, राग आला का. कोणाचा, ती म्हणाली. मग स्वतःच म्हणाली, दोघांचाही आला, दुपारभर येऊन गेला. बाबांचा जास्त. पन्नास वर्षं मी त्या मातीत हात घालत होते आणि लाखलन शेजारी उभा राहून मला बघत होता. कप पुसत राहिली. पुसलेलेही परत पुसले.

बागेचं म्हणाल तर हरणांनी मुळं काही खाल्ली नाहीत. ऑगस्टात गुलाबाला नवी लालसर पालवी आली. फाटकाला टॉर्क्विलने आपण होऊन स्प्रिंग बसवली, आता ते आपोआप मिटतं, आणि लाखलनला त्या स्प्रिंगचा भारी राग आहे.

सप्टेंबरमध्ये डोलिना हेलिसेला गेली, लाखलनला घेऊन. बोटीपर्यंत मी सोडलं. तिथे तिचा एक चुलतभाऊ आहे, त्याच जुन्या घरात राहतो; तिने फोन केला तेव्हा तो म्हणाला होता की खोली काय, रिकामीच असते. दोन रात्रींसाठी म्हणून गेली आणि कोंबड्या माझ्यावर टाकल्या. वडिलांना कुठे पुरलंय ते आधी जाऊन बघेन, म्हणाली, आणि मग तिसऱ्या दिवशीच्या बोटीने परत.

आज दहावा दिवस. काल फोन आला. वारा खूप आहे, आवाज तुटत होता. दफनभूमी समुद्राला लागूनच आहे, ती रोज सकाळी एकदा जाऊन येते, लाखलनही येतो आणि दगडांवरची नावं मोठ्याने वाचतो. बाकीचा दिवस तो चुलतभावाबरोबर आणि तिथल्या आणखी दोन म्हाताऱ्यांबरोबर धक्क्यावर बसतो.

मी विचारलं, लोकांमध्ये त्याचं कसं होतं.

"काही होत नाही," डोलिना म्हणाली, आणि ती हसत होती. "ते तिघेही तेच तेच विचारतात. आज काय वार यावर काल तासभर वाद झाला. जिंकला कोणीच नाही. इना, कोंबड्यांचं आणखी आठवडाभर बघशील ना?"

बघेन म्हटलं.